तिसरी सीडी आणि त्रेसष्ट पाळ्या

ज्याच्या शब्दाला गाव प्रश्न विचारत नाही, त्याने स्वतःला दुप्पट प्रश्न विचारावेत, हा न्याय जुना आहे. विश्वास ही दुसऱ्याने आपल्या हाती सोपवलेली ठेव असते, आणि ती गळू लागली तर गळती सर्वांत आधी कळते ती सांभाळणाऱ्यालाच. कळल्यावर त्याने काय करावे? सांगून मोकळे व्हावे, की गुपचूप गळती बुजवण्याच्या मार्गाला लागावे? झुलाल आबांनी दुसरा मार्ग धरला. त्यांना दोष देण्याची घाई करू नये. भल्या माणसांची पावलेही आधी त्याच वाटेने पडतात.

धुळ्याजवळ पांझरेच्या काठी कासारखेडे नावाचे गाव आहे. तिथे नदीवर दगडी बंधारा आहे, बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि पाटाखालची जमीन चार फडांत विभागलेली आहे. एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात हरभरा, आणि चौथा फड विसाव्याला. साल पालटले की सगळी पिके एकेका फडाने पुढे सरकतात आणि विसावा दुसऱ्या फडाच्या वाट्याला येतो. कोणी शेतकरी आपल्या हाताने पाणी घेत नाही. सर्वांच्या शेतांना पाणी देणारा एकच माणूस असतो, त्याला पाटकरी म्हणतात. झुलाल आबा बेचाळीस वर्षे पाटकरी होते.

भावाभावांच्या वाटण्या होऊन पाटाखाली आता त्रेसष्ट वावरे झाली होती. कोणत्या वावरानंतर कोणते, कोणाच्या काळ्या मातीला किती वेळ पाणी आणि कोणाच्या बरड जमिनीला किती, हे सारे आबांच्या डोक्यात होते. वही कधी नव्हतीच, कारण तिची गरज कोणाला पडली नव्हती.

सरत्या भाद्रपदात मात्र पाटाच्या वळणावर फावडे हातात धरून आबा उभे राहिले आणि पुढचे वावर कोणाचे, हे त्यांना क्षणभर सुचेना. मग सुचले. पाणी पुढे गेले. चार दिवसांनी ध्यानात आले की मधले एक वावर कोरडेच राहून गेले आहे. वावर पार्वताबाईचे होते. ती एकटी बाई, नवरा जाऊन सहा वर्षे झालेली. ती काही बोलली नाही, आणि आबाही बोलले नाहीत.

त्यांची पुतणी सुनंदा जळगावला पिंप्राळ्यात राहत असे आणि कॉलेजात संगणक शिकवत असे. कॉलेजने मोडीत काढलेला एक संगणक तिने आदल्या दिवाळीत गावच्या पाणी सोसायटीला मिळवून दिला होता, आणि आबांना शेजारी बसवून पाण्याच्या त्रेसष्ट पाळ्यांची यादी त्यात उतरवून घेतली होती. तेव्हा आबांनी ती एका दमात सांगितली होती. पुढे श्रावणात लाइट गेली आणि संगणक जो बसला तो उठलाच नाही. सुनंदाने तो पिंप्राळ्याला नेला. नशिबाने यादी तेवढी शाबूत हाती लागली. आता तिला यंत्रावर अशी प्रणाली बसवायची होती की जी वारंवार कोसळणार नाही, आणि कोसळलीच तर सहज उठेल. हे कळताच दसरा उलटल्यावर आबा स्वतःच एस.टी.ने जळगावला आले. कार्तिकात रब्बीच्या पाळ्या सुरू होणार होत्या. डोक्यातली यादी फुटू लागली आहे, तर ती एखाद्या न विसरणाऱ्या ठिकाणी पक्की राहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. कारण मात्र त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

सुनंदाने टेबलावर तीन सीडी मांडल्या. "आबा, याला लिनक्स म्हणतात. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं आहे, वापरायला कोणालाही मोकळं. पण ते निरनिराळे गट आपापल्या पद्धतीनं बांधून देतात. यांतला कोणता घ्यायचा, ते ठरवायचं आहे. ही पहिली, हिचं नाव..."

"नाव नको सांगू, बेटा," आबांनी हात वर केला. "बैलनं नाव इकणारा सांगस. आपले काय करनं त्यानं?"

सुनंदा हसली. तिने स्केचपेनने सीड्यांवर एक, दोन, तीन असे आकडे घातले. "मग पारखायचं कसं?"

"बैल बाजारमा बैल चालाडी देखतस, तसा बसाडी बी देखतस. बसेल बैल कसा उठस, तठे त्यानी खरी ताकद कळस."

सुनंदाला ही कसोटी पटली. मासिकांत तिने वेगाचे तक्ते वाचले होते, चित्रांच्या देखणेपणाचीही वर्णने वाचली होती. पण पाडून पाहा, असे कोणी लिहिले नव्हते. तिने यंत्राच्या डिस्कचे चार भाग केले आणि कागदावर आडव्या रेघा ओढून ते आबांना समजावले. पहिला भाग यंत्राला कामाच्या वेळी उसंत घेण्यासाठी, दुसऱ्यात प्रणाली, तिसऱ्यात पाळ्यांची यादी, चौथा रिकामा. दुसऱ्यातली प्रणाली समूळ बिघडली तरी तिसऱ्यातल्या यादीला धक्का लागणार नाही.

आबा कागदावर वाकले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अवं, ह्या तं फड शेत!"

"हो आबा! अगदी फडच समजा." सुनंदालाही ती उपमा फार आवडली. तिने पुढे काही सांगितले नाही, आणि आबांनीही काही विचारले नाही.

पहिल्या दिवशी पहिली सीडी झाली. प्रणाली बसली, पडद्यावर अक्षरे झरझर धावली. आबांनी ती शांतपणे पाहिली, उठले आणि चालत्या यंत्राची पिन भिंतीतून उपटली.

सुनंदाचे यजमान बन्सीलाल पोस्टातून नुकतेच घरी आले होते. ते दारातच थबकले. "आबा, जळगावात लोक सोनं पारखायला येतात. खटका पारखायला आलेले तुम्ही पहिलेच!"

"जावईबापू, लाइट काय सांगी जास का?"

पुन्हा पिन लावली. यंत्र जागे झाले, आपल्या आतली गणती करू लागले, आणि मध्येच थांबून त्याने काही मागितले. सुनंदाने चार ओळी टंकल्या, ओठ चावला, आणखी दोन टंकल्या. यंत्र उठले.

"उठलं आबा."

"तू उठाडं," आबा म्हणाले. "तू तठे बंधारावर ऱ्हाशी का?"

दुसऱ्या दिवशी दुसरी सीडी. ही दिसायला देखणी होती. रंगीत खिडक्या, सुबक चित्रे. बन्सीलाल तर खुर्ची ओढून बसलेच. दोनदा पिन उपटली, दोनदा ती निमूटपणे उठली. तिसऱ्यांदा मात्र ती उठली आणि रंगीत पडदा आला नाही. सुनंदाच्या मते आत सारे ठीक होते, फक्त पडद्याची जुळणी पुन्हा करावी लागणार होती. अर्ध्या तासात तिने ती केली. आबांनी तोवर चहा घेतला. त्यांनी दोष दिला नाही, एवढेच म्हणाले, "झूल गुतनी व्हई. आपले झूलनं काय काम?"

तिसऱ्या दिवशीच्या सीडीला काही दिखाऊपणा नव्हता. काळा पडदा, पांढरी अक्षरे. बसवताना ती प्रत्येक पायरीला थांबे, पुढे काय करणार ते सांगे, आणि हो म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नसे. सुनंदाने तिच्यासाठी एक फ्लॉपी तयार केली आणि एका पोस्टकार्डावर ठळक अक्षरांत एकच ओळ लिहिली. यंत्र उठेनासे झाले तर फ्लॉपी घालायची आणि ही ओळ टंकायची, बस. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हते. पण अक्षरांचे आकार जुळवता येत होते. पिन उपटली, पुन्हा लावली, आणि ती आपण होऊन उठली. मग सुनंदाने मुद्दाम यंत्राच्या सुरुवातीचाच दुवा तोडून ठेवला, म्हणजे ते आपण होऊन उठूच शकणार नाही. आबांनी फ्लॉपी घातली. कार्डावरचे एक अक्षर पाहायचे, कळफलकावर ते शोधायचे, एका बोटाने दाबायचे, असे करत त्यांनी ती ओळ पुरी केली.

यंत्राने थोडी घरघर केली आणि ते उठले.

आबा कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत राहिले. सत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या तोंडावर जत्रेत पहिल्यांदा पाळणा पाहिलेल्या मुलाचे हसू होते. "मी उठाडं," ते स्वतःशीच म्हणाले.

चौथ्या दिवशी सुनंदा कॉलेजला गेली आणि बन्सीलाल पोस्टात. घरी आबा एकटे होते. जिज्ञासा ही चांगली गोष्ट आहे. तिच्याइतकी माणसाला तरुण ठेवणारी दुसरी गोष्ट नाही. पण ती एकटी सापडली की फार दूर जाते. पडलेले उठते, हे आबांनी पाहिले होते. आता त्यांच्या मनात आले, की समूळच गेले तर? सारे पुन्हा पेरावे लागले, तर ते आपल्याला जमेल का? सीडी बसवण्याच्या पायऱ्याही सुनंदाने मराठीत लिहून भिंतीवर चिकटवल्या होत्या, आणि काल शेजारी बसून त्यांनी त्या पाहिल्या होत्या. त्यांनी सीडी घातली.

पायरीमागून पायरी चढत ते तिथवर आले, जिथे प्रणाली कोणत्या भागात बसवायची असे यंत्र विचारते. पडद्यावर चार आकडे होते. कागदावर लिहिले होते, 'दोन'.

आबांचे बोट दोनवर गेले आणि थांबले. तीन दिवसांत तीनदा याच फडात हेच पीक घेतले, आता चौथ्यांदा? बेचाळीस वर्षांत त्यांनी असे कधी होऊ दिले नव्हते. जमीन थकते. पोरगी शिकलेली खरी, पण शहरात राहून फडाची रीत विसरली असेल. प्रणाली आता तिसऱ्यात यायला हवी, यादी चौथ्यात सरकेल, आणि दुसरा विसाव्याला राहील. चौथा भाग रिकामा ठेवला आहे तो त्यासाठीच तर!

त्यांनी तीन दाबले. यंत्र थांबले. त्याने लांबलचक काही लिहिले आणि नेहमीप्रमाणे हो की नाही, असे विचारले. आबांनी भिंतीवरच्या कागदावरून 'हो'चे अक्षर शोधून दाबले.

चारच्या सुमारास सुनंदा परतली, तेव्हा यंत्र डौलात चालू होते आणि आबा पडवीत शेंगा सोलत बसले होते. "पुरं नवं पेरं मी, एकलानी," त्यांनी अभिमानाने सांगितले. "आनि फड बी सरकाडी दिधा."

"सरकवला म्हणजे?"

त्यांनी सांगितले. सुनंदा आत गेली आणि पडद्यासमोर बसली. एक ओळ टंकली, दुसरी टंकली. चौथ्या भागात काही नव्हते. तिसऱ्यात नवी कोरी प्रणाली नांदत होती.

ती बाहेर आली तेव्हा तिचा आवाज मुद्दाम हलका केलेला होता. "आबा, इथले भाग आपोआप सरकत नाहीत. यादी पुसली गेली. पण चूक माझीच. फड समजा, असं मीच म्हटलं. आणि प्रत काढायचं काम रोज उद्यावर ढकललं. काही बिघडलं नाही. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. तासाभराचं तर काम."

ती वही-पेन घेऊन बसली. आबांनी हातातल्या शेंगा सुपात ठेवल्या आणि सुरुवात केली. धनसिंगचे वावर, सहा तास. मग मोतीलालचे, मग थोरल्या रुपचंदचे. शब्द घरंगळत येत होते. एकोणीस, वीस, एकवीस. बावीस सांगून आबा थांबले.

"पुढे, आबा?"

आबांनी डोळे मिटले. पाटाचे वळण दिसत होते, वळणावरची बाभूळ दिसत होती, पाणी दिसत होते. पाणी कोठे जायचे, तेवढे दिसत नव्हते.

"आते पुढे माले येत नही," ते म्हणाले.

"थकला असाल. उद्या सांगा."

आता तोंडात आलेले 'हो, उद्या' त्यांनी गिळले. फार थोडे लोक असे गिळू शकतात. "नही, बेटा. थकेल नही. मी इसरी गऊ. भादवापासून इसरी ऱ्हायनू. म्हनूनच आठे ऊनू." आणि मग पार्वताबाईच्या वावराचेही सांगितले. "ते वावर कोरडं ऱ्हायनं. ती एक शब्द बोलनी नही. आनि मी बी नही."

सुनंदाने वही मिटली. "मग गावातच जाऊ, लोकांनाच विचारू," ती म्हणाली. "दुसरी सीडी न्यायची का? तिच्यात चित्रं आहेत, चूक कळायला सोपी जाईल."

"तिसरीच," आबा म्हणाले. "तिनं इचारं व्हतं. मीच न समजता हो म्हनी दिधं. माले गावमा कोनी इचारत नही, बेटा. बेचाळीस साल कोनी इचारं नही. तिनं इचारं."

"इतरांनीही विचारलं असतं, आबा."

"इचारं ऱ्हातं. पन हाई मना हातथून उठनी. मना सारखा माणूसना हातथून उठस, तीच गावना कामनी."

सुनंदाने त्यावर विचार केला, प्रणाली पुन्हा दुसऱ्या भागात बसवून तिसरा मोकळा केला, आणि आणखी दोन गोष्टी केल्या. पायऱ्यांच्या कागदावर तिसऱ्या भागापुढे मोठ्या मराठी अक्षरांत लिहिले, 'यात यादी आहे. हा कधीही पेरायचा नाही.' आणि यादी तयार होताच तिची फ्लॉपीवर प्रत, आणि चार घरी चार कागद, हे पोस्टकार्डाच्या मागे लिहून ठेवले.

रविवारी आबा आणि सुनंदा पारोळ्यावरून एस.टी.ने धुळ्याला आणि तिथून गावी आले, संगणक ओळखीच्या टेम्पोतून पुढे गेला होता. दुपारी सोसायटीच्या खोलीसमोर फडातली सगळी माणसे जमली. आबा उभे राहिले. बेचाळीस वर्षांत त्यांना सभेत बोलावे लागले नव्हते, त्यामुळे त्यांना प्रस्तावना करता येत नव्हती. ते सरळच म्हणाले, "माले पाळ्या आठवतीस नही. बावीसना पुढे तुटी जास."

मग सोसायटीचा सेक्रेटरी आधार पुढून म्हणाला, "आबा इसरतस? मंग आम्ही काय! माले तं बायकोनं नाव आठवाले दोन घडी लागतीस."

"ती मांगेच उभी शे," भिकुबाई म्हणाली. "आते घर जाईसन आठव."

हशा झाला. आबा हसले नाहीत. हशा ओसरेपर्यंत ते थांबले आणि पार्वताबाईकडे वळले. "भादवामा तुनी पाळी मी सोडी दिधी, पार्वताबाई. कारण काही नही. इसरी गऊ. मंग समजनं, तरी सांगं नही. ते जास्ती वाईट."

पार्वताबाईने पदर सारखा केला. "माले वाटनं, तुम्हनं काही गणित व्हई," ती म्हणाली. "रातदिन पाटवर ऱ्हातस तुम्ही. तुम्हले काय इचारवा?"

"इचारवा व्हतं," आबा म्हणाले.

"बरं. आते इचारसू," ती म्हणाली, आणि त्या 'बरं'मध्ये रागही होता आणि रागाचा शेवटही होता.

सुनंदाने वही उघडली, पण विचारायचे कोणाला? तेव्हा निंबा उठला. तो वळणापलीकडचा, शेवटच्या फडातला. "बठ्ठ्या पाळ्या माले ठाऊक नहीत," तो म्हणाला. "पन मना आधी सुपडूभाऊनं वावर भरस, तवय मी मना पानी येवाना सारा साफ करी ठेवस. आनि मना नंतर सुंदरबाईनं. हाई तं ठाऊकच शे."

म्हणजे प्रत्येकाला आपली पाळी ठाऊक होती, आणि एक आधीचे व एक नंतरचे नाव. वेदपाठशाळेत प्रत्येक पद पुढच्या पदाशी जोडून घोकतात. मधले एखादे गळाले, तरी शेजारची दोन त्याला हाताला धरून परत आणतात. तो पाठ या मंडळींच्या कानांवर कधी पडला नव्हता. ते तो पाण्यापाशी उभे राहून शिकले होते. एकामागून एक माणूस उठत गेला. तास सांगताना थोडी ओढाताण झाली. भिकुबाईने आपला अर्धा तास वाढवून सांगितला आणि शेजारणीने तो तिथल्या तिथे कापला. बाविसाव्या वावराशी येऊन मोतीलालच्या भावाने सांगितले, "मना नंतर पार्वताबाई." आणि साखळी जुळली. सायंकाळपर्यंत त्रेसष्ट झाली.

ती सारी सुनंदाने यंत्रात भरली, मराठी नावे इंग्रजी अक्षरांत. फ्लॉपीवर प्रत काढली, मग ती वाचली जाते की नाही तेही पाहिले. आधारला हे सगळे अजून संशयास्पद वाटत होते. "लाइट गई मंग?" त्याने विचारले.

आबांनी पिनेकडे बोट दाखवले. "उपट."

आधारने ती उपटली. कार्ड आबांनी हातात घेतले नाही, त्याच्याच हाती दिले. आधारने पिन पुन्हा लावली, फ्लॉपी घातली आणि ओळ वाचत, चुकत, खोडत टंकली. यंत्र थोडे कुरकुरले, त्याने आपली गणती पुरी केली आणि ते उठले. बाविसाव्या नावानंतर तेविसावे नाव होते. सुनंदाने ते मोठ्याने वाचले, आणि पार्वताबाईने ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

सभेने एवढेच ठरवले, की पाटकरी आबाच राहतील. मात्र पाणी सोडण्याआधी ज्याची पाळी त्याच्याकडून ती वदवून घेतील. आणि रब्बीचे पहिले पाणी, राहून गेलेल्या पाळीच्या बदल्यात, पार्वताबाईच्या वावराला.

कार्तिकातल्या पहिल्या सकाळी आबा पाटावर गेले. पार्वताबाई बांधावर उभी होती. "कोनी पाळी?" त्यांनी विचारले. "मनी," ती म्हणाली. त्यांनी फावड्याने मातीचा बांध फोडला.

जे विसरले आणि बोलले, जे कोरडे राहिले आणि तरी ऐकून घेते झाले, आणि ज्या अनोळखी दूरच्या माणसांनी कोसळल्यावर उठण्याची सोय बांधून जगाला मोकळी दिली, त्या सर्वांच्या वाट्याला वेळेवर पाणी येवो.